चीक धरत नाही

वसुंधरेने सोऱ्या फिरवला, बाजेवर अंथरलेल्या जुन्या धोतरावर पहिली कुरडई पडली, आणि पडल्या पडल्या तिचे वेढे एकमेकांत मिसळून गेले. नरहरी ओट्यावर बशीतला चहा फुंकत बसला होता. त्याला वाटलं, पहिलीच आहे, अजून हात बसला नसेल. दुसरी पडली, तिचंही तेच झालं. तारा सुटत होत्या छान, लांबलचक, तुटायचं नाव नाही; पण कापडावर टेकल्या की तारेचा आकार जायचा आणि डिंक सांडावा तसं चकचकीत काहीतरी उरायचं. त्यातून धोतराचे धागेसुद्धा दिसत होते. गव्हाचा चीक कसा पांढरा, दुधासारखा दाट असतो. हा पारदर्शक होता. वसुंधरेने बोट लावून वर उचललं, तर वीतभर तार आली आणि तुटेना.

"काय पीठ आणलं बाप्पा तुमी हे," ती म्हणाली. "सकाळपासून थंडं करून राहिली मी. गव्हाचा चीक थंडा झाला का बसते. हा बसतच नाई. बोटाले चिकटते तं लय, पण धरून नाई राहिला."

नरहरीने बशी खाली ठेवली. चहा अजून गरम होता, पण त्याला तो एकाएकी नकोसा झाला. चिकटते, पण धरत नाही. हे दोन शब्द वेगळे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही. लाडू धरत नाही, पुरण धरत नाही, असं आई म्हणायची ते त्याने जन्मभर ऐकलं होतं. पण आठवड्यापूर्वी ज्या वेळी हा फरक त्याला आठवायला हवा होता, त्या वेळी तो आठवला नव्हता, आणि आता अंगणात, मार्चच्या उन्हात, बायकोच्या बोटाला लोंबणाऱ्या तारेकडे बघताना तो आठवत होता. उठावं, तिच्या हातातून पातेलं घ्यावं आणि कुठेतरी नेऊन पालथं करावं, असं त्याला वाटलं. म्हणजे झालेलं न झाल्यासारखं होईल. तो उठला नाही. त्याने नुसतं विचारलं, "किती वेळ झाला थंडं होऊन?" ती म्हणाली, "आता अजून किती व्हावं? राख झाली चुलीची."

पीठ कारखान्यातलं होतं. म्हणजे मोठ्या पोलाद कारखान्यातलं नव्हे. तो अजून उभाच राहत होता, एकेक भट्टी पेटत होती, रशियन साहेब जीपमधून फिरत होते, आणि त्या बांधकामाला लागणारं ओतीव लोखंडाचं, म्हणजे बिडाचं सटरफटर सामान ओतून देणाऱ्या ज्या लहानमोठ्या ठेकेदारांच्या फाउंड्र्या भिलईभोवती उगवल्या होत्या, त्यांतल्या एकीत नरहरी वाळूच्या खोलीत कामाला होता. इंटर सायन्सपर्यंत शिकलेला, म्हणून बाबू. वाळू तपासायची, ओल मोजायची, खळ बरी आहे की नाही ते सांगायचं. पोकळ वस्तू ओतायची तर पोकळीच्या जागी आधी वाळूचा गोळा बसवावा लागतो. वितळलेलं बीड त्याच्याभोवती थिजतं आणि मग वाळू फोडून काढतात. त्या गोळ्याला कोअर म्हणतात. वाळू आपली आपण उभी राहत नाही, तिला काहीतरी धरून ठेवायला लागतं. अळशीचं तेल आणि खळ. खळ मुंबईहून यायची, ती यायची थांबली, आणि मालकाच्या ओळखीच्या एका शेतावरून मक्याच्या पिठाची पोती आली. त्यातलं तपासून उरलेलं दोन शेर पीठ नरहरीने घरी आणलं होतं. रेशनला लाल अमेरिकन गहू मिळत होता आणि त्याचा चीक काढायला वसुंधरा तयार नव्हती. पांढरंशुभ्र तयार पीठ बघून ती हरखली होती.

शेतावरचा माणूस पोत्यांबरोबर स्वतः आला होता. खादीचा सदरा, उन्हाने काळवंडलेली मान, आणि मक्याबद्दल बोलायला लागला की पोरीच्या लग्नाबद्दल बोलावं तसा बोलायचा. त्यांनी म्हणे दाण्यामागून दाणा निवडत, पिढ्यामागून पिढ्या पेरत, एकाच मक्यापासून दोन वाणं काढली होती. एक टणक, त्याची खळ थंड झाली की खरवसासारखी बसायची. दुसरा मेणमका. दाणा कापला तर आतून मेणासारखा मंद दिसतो, आणि त्याची खळ इतकी चिकट की भांडं घासताना बायका शिव्या देतात. "दोन्ही आहेत," तो म्हणाला होता. "तुम्हाला कुठला लागतो?" नरहरी हसला होता. खळ चिकट असायला हवी, यात विचारण्यासारखं काय आहे? "चिकट असेल तो द्या," त्याने सांगितलं. तो माणूस क्षणभर थांबला होता. त्याला आणखी काही विचारायचं असावं. पण नरहरीला बाबू म्हणून कोणी काही विचारावं आणि त्याला चटकन उत्तर देता यावं, असे प्रसंग कमी येत. त्याने दुसऱ्यांदा, जरा मोठ्याने सांगितलं, "चिकट." मग फोरमन भैयालाल आला आणि त्याने त्याच्या हिंदीत एकच विचारलं, "पकड़ है?" नरहरी म्हणाला, "बहुत है. हाथ से छूटता नहीं."

पकड़. म्हणजे धरणं. भैयालालने धरतं का विचारलं होतं आणि त्याने चिकटतं म्हणून सांगितलं होतं.

तसं बघितलं तर त्याने चाचणी घेतली होती. वाळूच्या लहान वड्या करून, भाजून, मोडून पाहिल्या होत्या. मोडायला जोर लागला होता, झकास होत्या. त्या वड्या तळहातावर मावतील एवढ्या. कोअर मात्र माणसाच्या छातीएवढे होते, पाण्याच्या मोठ्या नळांचे व्हॉल्व्ह ओतायचे होते ना. वडी आतपर्यंत भाजते. छातीएवढा गोळा आतपर्यंत भाजतो का? मुंबईच्या खळीचे भाजत होते, तितक्याच वेळात. म्हणून याही वेळी तितकाच वेळ भट्टीत ठेवले. आणि शुक्रवारी, कोअर सगळे तयार होऊन रांगेत मांडल्यावर, नुसता चाळा म्हणून त्याने खळीवर आयोडीनचा थेंब टाकला होता. स्टार्च निळाशार होतो, हे शाळेतल्या पोराला माहीत असतं. रंग आला तो तांबूस, कात कालवल्यासारखा. त्याने बाटली उजेडात धरली आणि स्वतःला सांगितलं, बाटली जुनी झाली. आता त्याला आठवत होतं की बाटली जुनी नव्हती. ती त्यानेच होळीच्या आधी उघडली होती.

नागपूरला कॉलेजात एक मास्तर होते, त्यांना दम्याचा त्रास होता, अर्धा तास खोकण्यात जायचा. त्यांनी फळ्यावर एकदा दोन चित्रं काढली होती. स्टार्च म्हणजे साखरेच्या मण्यांची माळ, ते म्हणाले होते, मणी सगळे तेच. एका प्रकारात माळ सरळ असते. दुसऱ्यात तिला फांद्या फुटतात. बहुतेक धान्यांत दोन्ही असतात, सरळ थोड्या, फांद्यांच्या पुष्कळ. पण आयोडीन निळं होतं ते सरळ माळांमुळे, आणि खळ थंड झाल्यावर बसते तीही त्यांच्यामुळेच. तुरीच्या सरळ तुराट्या आणि बाभळीच्या फांद्या, असं मास्तरांनी सांगितलं होतं, वऱ्हाडातलेच होते ते. तुराट्या शेजारी शेजारी ठेवल्या की मोळी होते, घट्ट, मधे जागाच उरत नाही. बाभळीच्या फांद्यांची मोळी बांधून दाखवा. त्या एकमेकींत अडकतात, ओढून निघत नाहीत, पण जवळ येत नाहीत. मधे नुसती जागा. आणि खळीत त्या मधल्या जागेत काय असतं? पाणी. सरळ माळा जवळ येताना पाणी पिळून बाहेर काढतात, शिळ्या खळीवर पाणी सुटतं ते तेच. फांद्यांची खळ पाणी सोडत नाही. मास्तर खोकत होते आणि नरहरी मागच्या बाकावर बसून बाहेर बघत होता, तरी हे सगळं त्याच्या डोक्यात कुठेतरी जाऊन पडलं होतं. त्याला स्वतःचाच राग आला. नको तेव्हा अख्खा तास आठवतो.

पाणी सोडत नाही. म्हणजे कोअर वरून भाजला, कवच टणक झालं, आणि आत ओल तशीच. उद्या सोमवारी सकाळी त्याच्यावर बीड ओतायचं. ओल्या वाळूला बीड लागलं की वाफ होते, वाफेला जायला वाट नाही, मग ती बीड ज्या वाटेने आत गेलं त्याच वाटेने, बिडासकट, वर येते. नरहरीने हे एकदाच पाहिलं होतं, कामठीला, उमेदवारीत असताना, आणि तेही लांबून. आवाज फार मोठा नव्हता. उकळत्या तेलात पाण्याचा हबका बसावा तसा. मग भाजलेला एक माणूस जमिनीवर बसून राहिला होता, आणि त्याच्याकडे बघायला कोणी तयार नव्हतं. लॅडल म्हणजे बिडाचं ते मोठं तपेलं, ते क्रेनला टांगून आणतात, पण साच्याच्या तोंडाशी ते कलवायला माणूसच लागतो. उद्या तिथे तेजराम उभा राहणार होता. वसुंधरेचा धाकटा भाऊ. नरहरीनेच शब्द टाकून त्याला साकोलीहून इथे आणून लावलं होतं, आणि तो पोरगा इतका मन लावून काम शिकला की दोन वर्षांत ओतण्याचं काम त्याच्याकडे आलं.

मग आता उठून सायकल काढायची, भैयालालच्या घरी जायचं आणि सांगायचं. सरळ आहे. नरहरी उठला नाही. कारण कोअर ओले आहेत हे त्याला माहीत नव्हतं. ते ओले असतील, असं त्याला वाटत होतं, आणि त्याला वाटण्याची फाउंड्रीत काय किंमत होती हे त्याला चांगलं माहीत होतं. गेल्या वर्षी भर कामात त्याने वर पाहिलं होतं आणि क्रेनच्या दोरखंडाचा एक पेड तुटून लोंबताना त्याला दिसला होता. त्याने आरडाओरडा करून सगळी शेड रिकामी करवली. काम ठप्प. मालक धावत आला. वर माणूस चढला आणि ग्रीसमध्ये अडकलेली सुतळी घेऊन खाली उतरला. त्या दिवसापासून तो सुतळीबाबू. पोरं त्याच्या टेबलावर सुतळीचे तुकडे ठेवून जायची. तेजरामसुद्धा घरी येऊन हसला होता. नरहरीही हसला होता, सगळे हसत असले की त्याला हसावं लागे. आता सुतळीबाबूने रविवारी दुपारी फोरमनचं दार वाजवून सांगायचं की माझ्या बायकोच्या कुरडया फसल्या, उद्या लोखंड ओतू नका.

तेजराम जेवायला आला तेव्हा बाजेवरचं धोतर वसुंधरेने धुवायला टाकलं होतं. तो नेहमीसारखा मोठ्याने बोलत आला. मोठ्या कारखान्यात भरती निघणार आहे, फाउंड्रीतल्या लोकांना आधी घेतील, असं कोणीतरी सुपेल्याच्या बाजारात त्याला सांगितलं होतं. नरहरी त्याच्या हातांकडे बघत होता. मनगटावर जुन्या ठिणग्यांचे डाग होते, बारीक, देवीच्या व्रणांसारखे.

"भाऊजी, जेवून नाई राहिले तुमी," तेजराम म्हणाला. "तब्येत ठीक हाय ना?"

"उद्या रजा घे," नरहरी म्हणाला.

"कावून?"

इथे सांगायचं होतं. तोंडात घास होता, तो गिळून सांगायचं होतं. पण तेजरामला सांगितलं तर तो हसेल, आणि हसून उद्या मुद्दाम पुढे उभा राहील. तो तसाच आहे. किंवा हसणार नाही, घाबरेल, भैयालालला सांगेल, आणि कोअर फोडल्यावर आतून कोरडा निघेल. नरहरीच्या तोंडून भलतंच बाहेर पडलं. "राजनांदगावहून निरोप आला. पोरगी पाहायले बोलावलं तुले. उद्याच या म्हणते. तू अन् ताई जा सकाळच्या गाडीनं."

वसुंधरा भाकरी वाढता वाढता थांबली. राजनांदगावच्या पोरीचं बोलणं संक्रांतीपासून लोंबकळत होतं हे खरं. निरोप आला नव्हता हेही तिला माहीत होतं. ती नवऱ्याकडे बघत राहिली. तेजराम कानापर्यंत लाल झाला. "असं एकदम," तो म्हणाला, आणि मग, "बरं. सुखरामले सांगतो. तो उभा राहीन माझ्या जागी. तो नाई म्हणनार नाई मले."

सुखराम. नरहरीने पाण्याचा पेला उचलला. त्याच्या जागी कोणीतरी उभं राहील हे त्याला कळायला हवं होतं, ती जागा रिकामी राहत नाही. पण आतापर्यंत त्याच्या डोळ्यांपुढे फक्त तेजराम उभा होता आणि तो तिथून निघाला की चित्र संपत होतं. तो पाणी प्यायला. "सांग," तो म्हणाला.

तेजराम गेल्यावर वसुंधरेने दार लोटून घेतलं. "निरोप कोणी आणला?" नरहरीने तिला सगळं सांगितलं. सांगताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की तिला पुढे वाकून ऐकावं लागलं. ऐकून झाल्यावर तिने पहिलं विचारलं, "तेजराम नाई जाणार ना उद्या?" "नाही." तिने डोळे मिटले, आणि तिच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं त्याला स्पष्ट दिसलं. त्यालाही बरं वाटलं. मग ती म्हणाली, "त्याईच्या घरी आगंतुकासारखं जाऊन काय तोंड दाखवू मी?" तो म्हणाला, काहीतरी सांग, निरोपाचा घोटाळा झाला म्हण. बराच वेळ ते राजनांदगावचंच बोलत राहिले, कोणती साडी, नारळ न्यायचा की नाही. सुखरामचं नाव दोघांनीही काढलं नाही. नरहरीला वाटलं, आपण काढलं नाही तर ती काढेल. तिलाही तसंच वाटत असावं.

सुखराम संध्याकाळी आपणच आला. भंडाऱ्याकडचा, पलीकडच्या लाइनीत राहणारा, चेहरा रुंद, बोलणं हळू. काखेत वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी होतं. "तेजराम नाई का?" त्याने विचारलं. "त्याच्यासाठी आणलं. त्याच्यापाशी धड सदरा नाई. हा टेरिलीनचा हाय, माह्या सासऱ्यानं देला. पोरगी पाहायले चांगलं दिसलं पाह्यजे." त्याने पुडकं खाटेवर ठेवलं आणि कागद नीट केला. नरहरीने त्याला बस म्हटलं. बस म्हणायलाच हवं होतं का? तो बसला. वसुंधरेने चहा ठेवला. सुखराम सांगत होता, उद्याचं काम मोठं आहे, आजवर मला एवढं बीड कलवायला मिळालं नाही, भैयालाल तेजरामलाच उभा करतो; बरंच झालं एका परीने, माझाही हात बघतील, भरतीच्या वेळी उपयोगी पडेल. नरहरी मान हलवत होता. सुखराम, उद्या तू जाऊ नकोस. एवढंच वाक्य. ते त्याच्या जिभेवर तयार होतं, तो ते मनातल्या मनात म्हणतही होता. पण सुखराम गेला नाही तर तिसरा कोणी उभा राहील, आणि त्याला सांगितलं तर चौथा, आणि असं करत करत शेवटी सगळ्यांनाच सांगावं लागेल, म्हणजे पुन्हा भैयालालचं दार, पुन्हा सुतळी. आणि कोअर कदाचित कोरडे असतील. हे कदाचित त्याने दिवसभर इतक्यांदा म्हटलं होतं की त्याला त्याची सवय झाली होती. वसुंधरेने सुखरामच्या कपात साखर घातली, मग पुन्हा घातली. तो पहिला घोट घेऊन हसला आणि म्हणाला, "वयनी, लगनाचा चहा आत्ताच पाजून राहिल्या का?" ती आत निघून गेली ती तो जाईपर्यंत बाहेर आली नाही. तो गेल्यावर आतूनच म्हणाली, "याची बायको मले वानवळा देल्याशिवाय राहत नाई. हरभऱ्याची भाजी, बोरं, काई ना काई." नरहरीने खाटेवरचं पुडकं उचलून कोनाड्यात ठेवलं.

सकाळी ती आणि तेजराम स्टेशनकडे गेली. तेजरामच्या अंगावर तो सदरा होता, खांद्यात जरा ढगळ. निघताना वसुंधरेने डबा नरहरीच्या हातात दिला आणि हात लगेच काढला नाही. तिने काहीतरी सांगावं, जा म्हणावं किंवा नको म्हणावं, म्हणजे आपल्याला त्याप्रमाणे वागता येईल, असं त्याला वाटत होतं. आयुष्यभर तो असाच वागत आला होता. आईने सायन्स म्हटलं, सायन्स. सासऱ्याने भिलई म्हटलं, भिलई. जो जवळ असेल त्याला चिकटून राहायचं. तिने हात काढून पदर सावरला. गाडी चुकेल म्हणून तेजरामने घाई केली.

फाउंड्रीत शिरतानाच त्याला कळलं की उशीर होत आला आहे. भट्टीचा पंखा पूर्ण जोरात होता, शेडचा पत्रा थरथरत होता, आणि साच्यांच्या रांगेत कोअर बसवून वरची झाकणं चढवून झाली होती. एकच साचा उघडा होता. सुखराम चामडी एप्रन बांधून लॅडलजवळ उभा होता. तो नेहमीपेक्षा ताठ उभा होता. त्याने नरहरीला पाहिलं आणि मान डोलावली. नरहरी आपल्या खोलीकडे वळला. दारापर्यंत गेला. टेबलावर कोणीतरी ठेवलेला सुतळीचा तुकडा होता, गेल्या आठवड्यातला. खोलीत जाऊन दार लावलं तर इथून काही दिसणार नाही. आवाजही पंख्यात कळणार नाही कदाचित. हे आपल्या मनात आलं याची त्याला इतकी भीती वाटली की तो मागे फिरला.

"भैयालालजी," तो म्हणाला, "आज पोरिंग मत कीजिए."

भैयालाल शिट्टी तोंडात धरून क्रेनकडे बघत होता. त्याने शिट्टी काढली. "क्यों? फिर सुतली दिखी?"

"कोअर अंदर से गीले हैं. मतलब, हो सकते हैं."

"हैं, कि हो सकते हैं?"

"हो सकते हैं."

"पास किसने किया?"

"मैंने."

"पकड़ बहुत है, ये किसने बोला था?"

नरहरीने माळा आणि फांद्या सांगायला सुरुवात केली. त्याला स्वतःलाच कळत होतं की हे कोणी ऐकणार नाही. आयोडीन लाल झालं होतं, तो म्हणाला. कुरडया बसल्या नाहीत, तो म्हणाला, आणि शेजारी उभी असलेली दोन माणसं हसली. एक कोअर फोडून बघा, तो म्हणाला. भैयालाल चिडला नाही, त्याने समजावून सांगितलं: एक फोडला की एक साचा गेला, मालक आज उभा आहे, बीड तयार आहे, बीड कोणाच्या बायकोसाठी थांबत नाही. "बाबू, आप जाके बैठिए." त्याने शिट्टी पुन्हा ओठांत धरली.

तेव्हा नरहरीला कळलं की त्याच्याजवळ सांगण्यासारखं आता एकच उरलं आहे. त्याने ज्ञान सांगितलं होतं, शंका सांगितली होती, त्यांचं वजन पडलं नव्हतं. या एका गोष्टीचं पडेल. तीच सांगायची नसेल तर अजूनही खोलीत जाता येईल.

"तेजराम को मैंने छुट्टी दिलवाई," तो म्हणाला.

पंख्याच्या आवाजात भैयालालला ऐकू गेलं नाही. त्याने कान पुढे केला. नरहरीला तेच पुन्हा, ओरडून म्हणावं लागलं, आणि ओरडताना तो थांबू शकला नाही. "लड़की-वड़की कुछ नहीं है. मैंने झूठ बोला. तेजराम यहाँ खड़ा न रहे, इसलिए मैंने उसको भेज दिया."

भैयालालच्या तोंडातली शिट्टी तशीच राहिली. त्याने नरहरीकडे नीट पाहिलं, गेल्या वर्षीपासून त्याने असं पाहिलं नव्हतं. मग लॅडलकडे पाहिलं, सुखरामकडे. हसणारी दोन माणसं आता हसत नव्हती. भैयालालने हात वर करून क्रेन थांबवली. "सलाख लाओ," तो म्हणाला.

उघड्या साच्यातला कोअर त्याने स्वतः फोडला. वरचं कवच खणखणीत होतं, सळई दोनदा उडाली. नरहरीला वाटलं, कोरडा निघणार, आणि मग आपल्याला या गावात तोंड दाखवायला जागा राहणार नाही. आणि कोरडा निघावा असंही त्याला वाटलं. तिसऱ्या घावाला सळई आत गेली आणि तिथेच रुतली. ओढून काढली तर तिला काळी वाळू लगडून आली, चमकणारी, तार धरणारी. भैयालालने ती चिमटीत दाबली. त्याची बोटं ओली झाली. त्याने ती पँटला पुसली आणि कोणाकडेही न बघता सांगितलं की सगळं बीड बाहेर जमिनीवरच्या वाळूत ओतून टाका, आज काम बंद.

नरहरीला वाटलं होतं, आता शिव्या बसतील. मालक दूर उभा राहून भैयालालशी बोलत होता. कोणीतरी जाता जाता नरहरीच्या पाठीवर हात ठेवला आणि काढला. माणसं बाहेर बीड ओतायला गेली, शेड लाल झाली, पुन्हा काळवंडली. सुखराम हातमोजे काढत त्याच्याकडे आला. एकेक बोट सोडवत, सावकाश.

"बाबूजी," तो म्हणाला, "काल म्या चहा पेलो तुमच्याकडे. तवा मालूम होतं तुमाले?"

"होतं," नरहरी म्हणाला.

सुखरामने मान हलवली. काही हिशेब जुळवत असावा तसे त्याने मोजे एकात एक घालून काखेत धरले.

"बरं झालं, तेजराम तुमचा साळा हाय ते," तो म्हणाला. "नाईतर आज कोनी आयकलंच नसतं तुमचं."

तो खरोखरच बरं झालं म्हणून म्हणत होता. त्याच्या आवाजात राग नव्हता. नरहरीने तो राग त्याच्या चेहऱ्यावर शोधला, डोळ्यांत शोधला, सुखराम पाठमोरा होऊन जाऊ लागला तेव्हा त्याच्या चालण्यातही शोधला.